शिशिलक्का

नाव सेसिलिया. बाप्तिस्म्याच्या वहीत निळ्या शाईत
सेसिलिया विल्सन रणनवरे.
पण विडी घरकुलात ते कुणाच्या जिभेवर बसेना.
तेलुगू बायकांनी त्याला पानासारखं वळलं,
कडा आत घेऊन, दोरा बांधून,
आणि आई शिशिलक्का झाली.
क्रुसावर तेच लिहू का, विचारलं रफिक पेंटरनं.
मी नको म्हटलं. चुकलंच.

सकाळची मिस्सा तिनं कधी चुकवली नाही
आणि मिस्सेनंतर ती सरळ घरी कधी आली नाही.
सिव्हिलमध्ये ज्यांच्या खाटेशी कुणी नाही
त्यांच्यासाठी डबा. ताकात कुस्करलेली भाकरी,
वर शेंगाची चटणी, चिमूटभर.
डॉक्टर रागवायचे. ती म्हणायची,
तिखट लागलं की माणसाला कळतं, आपण अजून आहोत.

शनिवारी ब्रँचसमोर.
चेकर हजारातल्या शंभर-दीडशे विड्या
छाट म्हणून बाजूला फेकी,
आई खाली वाकून एकेक उचली,
यात काय वाईट आहे, दाखव बाबा.
आयुष्यात झुरका न घेतलेली बाई,
पदराला सदा तंबाखूचा वास.
मोजताना तिचे ओठ हलायचे.
मला वाटायचं हिशेब चाललाय,
ती नमो मरिये म्हणत असायची.
कधी कधी उलटंही असेल.

रागाचंही लिहिते,
नाहीतर तिला हे खोटं वाटलं असतं.
माझ्या पहिल्या कम्युनियनला ती उशिरा आली.
पांढऱ्या फ्रॉकमध्ये मी चर्चच्या दारात,
आणि ती रिक्षातून उतरतेय,
बाहीवर कुणाची तरी ओकारी.
कॉलेजसाठी घेतलेली माझी मोराची चादर,
चाटी गल्लीत दोन तास घासाघीस करून आणलेली,
तीन दिवसांत गेली.
वॉर्डातल्या कुण्या म्हाताऱ्याच्या अंगावर गेली
आणि त्याच्याबरोबरच जळाली.
मी आठवडाभर बोलले नाही.
तिनं माफी मागितली नाही.
आपली चादर माझ्यावर टाकली
आणि गड्ड्याच्या थंडीत सतरंजीवर निजली.
ते तर मला अजूनच सहन झालं नाही.

तिची जपमाळ आता माझ्याकडे आहे.
चौथ्या दशकात एक मणी वेगळा, काळा, बारीक.
माळ तुटली तेव्हा एक मणी गटारात गेला,
तेव्हा नरसम्मानं आपल्या मंगळसूत्रातला काढून दिला.
घे अक्का, मला आता कशाला.
चालेल का, आईनं फादरांना विचारलं.
फादर बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, बोटाला लागतो ना? चालेल.

मे महिना. चव्वेचाळीस डिग्री.
पुरायचा दिवस नेमका पाण्याचा दिवस.
पाचव्या दिवशी, तासभर येणारं पाणी.
त्या तासासाठी इथे माणूस नळाजवळून
सख्ख्या भावाच्या लग्नालाही हलत नाही.
पण दफनभूमीच्या फाटकातून
बायका येतच राहिल्या, अनवाणी, धापा टाकत,
कुणाच्या नखांत तंबाखू तशीच.
तिकडे रिकाम्या घागरींसमोर नळ
सुरू झाला, वाहिला, बंद पडला.

संध्याकाळी त्या आमच्या दारात बसल्या.
कुणाच्याच घरी थेंब नाही.
मोरीत निळं पिंप होतं, झाकलेलं,
मागच्या पाण्याला आईनं स्वतः भरलेलं.
तिच्या हाताचं तेवढंच उरलं होतं
आणि मला ते ठेवायचं होतं.
किती दिवस, कशासाठी, ठाऊक नाही.
पाण्यात अळ्या होतात, तेही सुचलं नाही.
मी मोरीच्या दारात आडवी उभी राहिले.

नरसम्मा उठली. माझ्याकडे बघितलं.
घागर पायाशी ठेवली आणि म्हणाली,
भर.

मी झाकण काढलं.